मशीनपाशी ऐकलेली कादंबरी

अ‍ॅलिस वॉकर यांची ‘द कलर पर्पल’ ही कादंबरी मला माझ्या मावशीनं शिकवली. मावशीला इंग्रजीचा गंध नव्हता. मराठी शाळाही चौथीत सुटलेली. पेपरातले मथळे ती वाचायची आणि खालचा मजकूर ‘तेच ते असन’ म्हणून सोडून द्यायची. तरी ज्युनिअर कॉलेजात पोरापोरींपुढे उभी राहून मी आज जे शिकवते, त्यातलं कामाचं तेवढं पुसदच्या तिच्या रस्त्यावरच्या खोलीतून आलेलं आहे. विद्यापीठानं पदवी दिली, त्याचेही उपकार आहेतच. पण ते फी भरून फिटले. मावशीचं देणं तसं फिटणारं नाही.

माझं माहेर दिग्रसजवळच्या खेड्यातलं. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायला आईनं मला पुसदला तिच्या धाकट्या बहिणीकडं ठेवलं. मावशी नवऱ्याला सोडून आलेली. उमरखेडकडच्या एका गावात तिला दिली होती. तिथून एका पहाटे निघाली, एसटीनं पुसदला उतरली आणि पुढं माहेरी न जाता इथंच राहिली, एवढंच घरात बोललं जाई. माहेरी का गेली नाही ते मोठी झाल्यावर कळलं. गेली असती तर चार मोठी माणसं बसली असती, समजूत घातली असती, आणि लुगडं-चोळी करून तिला परत पोचवलं असतं. आधी एकदा पोचवलंही होतं. पुसदला वस्तीतल्या एका म्हातारीनं तिला पुढची खोली दिली आणि बाजारातल्या एका टेलरनं काज-बटणाचं काम. मशीन पुढं आलं, तेही जुनं आणि हप्त्यानं.

तिला डाव्या कानानं ऐकू यायचं नाही. हे जन्मापासूनचं नव्हतं. मशीन तिनं खोलीत अशा बेतानं मांडलं होतं की गिऱ्हाईक येईल ते उजवीकडूनच. डाव्या अंगाला भिंत. कुणी बाई चुकून त्या भिंतीशी टेकून गळ्याचं माप सांगायला लागली, तर मावशी मान वर न करता टेपाच्या टोकानं जागा दाखवायची, ‘इकडून सांग व माय.’ कान कशानं गेला हे मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. अशा गोष्टी घरात सगळ्यांना माहीत असतात आणि कुणीच सांगितलेल्या नसतात.

त्या खोलीत पैसा यायचा तो कापसाच्या मागोमाग. १९७२पासून राज्यात एकाधिकार खरेदी होती. कापूस सरकारला घालायचा आणि चुकाऱ्याची वाट बघत बसायचं. चुकारा निघाल्याची बातमी आली की आठवड्याभरात मावशीच्या खाटेवर ब्लाउजपिसांचे गठ्ठे पडत. नाही निघाला की ती जुने ब्लाउज उसवून मोठे करून देई, आणि ‘दंड घट्ट झाला म्हंजे खाण्यापिण्याचं बरं चाललं म्हणाचं’ असं म्हणून बायकांना हसवी. माझी फी, वह्या, एसटीचा पास सगळं या शिलाईतून. मला मात्र मशीनला हात लावू दिला नाही. मी एकदा हौसेनं पायटा मारायला बसले तर खसकन उठवलं. ‘हे शिकली तं हेच करन.’

बी.ए.ला इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडमनी ती कादंबरी मला त्यांच्या घरच्या कपाटातून काढून दिली. अभ्यासक्रमात नव्हती. तेव्हा १९९० उजाडलेलं असावं. कादंबरी १९८२ची. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं. कादंबरीसाठी ते मिळवणाऱ्या वॉकर या पहिल्या कृष्णवर्णीय बाई. त्याच १९८३ साली आपल्याकडं दंडविधानात ४९८-अ हे कलम आलं, नवऱ्याचा आणि सासरच्यांचा छळ हा गुन्हा ठरवणारं. मावशी त्याच्या पुष्कळ आधी निघून आली होती, तेव्हा तिला त्याचा काही उपयोग नव्हता.

पुस्तक मी वाचायला घेतलं आणि दहा पानांत अडकले. सिली ही चौदा वर्षांची पोर, शाळा सुटलेली, ती जसं बोलते तसंच लिहिते; व्याकरण नाही, शब्दांची स्पेलिंगं कानाला ऐकू आली तशी. माझं इंग्रजी गाइडातलं. मग एका रात्री मशीनपाशी बसून, वाक्य मोठ्यानं वाचायचं आणि लगेच आपल्या बोलीत सांगायचं असं सुरू केलं. मावशी पिको करत होती. आणि कमाल अशी की गाइडी मराठीत जे बसत नव्हतं ते वऱ्हाडीत आपसूक बसायला लागलं. त्या दिवसापासून रोज रात्री लाइट असेतो वाचन. मी तिच्या उजवीकडं स्टुलावर.

सुरुवात भयंकर आहे. सिली ज्याला बाप समजते तोच तिच्यावर अत्याचार करतो, दोन लेकरं होतात, ती तो घेऊन जातो आणि हिला एका बिजवराच्या गळ्यात बांधतो. त्या बिजवराला त्याची चार पोरं सांभाळायला आणि शेतात राबायला बाई हवी. सिली त्याला नुसतं ‘मिस्टर’ म्हणते, नाव घेतच नाही. यात नवल काय ते मावशीला कळेना. तिनंही नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. पण सिली हे सगळं पत्रांतून देवाला लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही, यावर मात्र तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं.

‘देवाले?’

‘हो.’

‘तिचं बरं हाय. आपुन तं देव सोडून बसलो. मंग म्या कोणाले लिहू? बाबासायबाले? त्यायले आधीच लय कामं.’

आमची आजी १९५६च्या ऑक्टोबरात नागपूरला दीक्षेला गेली होती. घरातले देव तिनं स्वतः नदीत सोडले, ही आमच्या घरातली अभिमानाची गोष्ट. त्या गोष्टीला अशी एक मागची बाजू असू शकते, सांगायला ज्याच्यापुढं बसावं असं कुणी उरत नाही, हे मला मावशीच्या त्या थट्टेतून पहिल्यांदा दिसलं. ती स्वतः मात्र विहारात कधी चुकली नाही, आणि देव परत आणावा असंही तिला वाटलं नाही.

पुढं सोफिया येते. मिस्टरच्या पोराची, हार्पोची बायको. अंगानं दणकट, कुणाचं ऐकून न घेणारी. हार्पो सिलीला विचारतो, ही माझं ऐकत नाही, काय करू? आणि सिली, जिनं आयुष्यभर मारच खाल्ला, ती सांगते की मार तिला.

मशीन थांबलं. ‘परत वाच.’

मी परत वाचलं. मावशीनं चष्मा काढून पदराला पुसला, घातला, बॉबिन बदलली. त्या रात्री तिनं पुढचं ऐकलं नाही. झोप येते म्हणाली. मला वाटलं राग आला असेल. पुढं सोफिया सिलीला जाब विचारते, सिली शरमते, आणि दोघी मिळून फाटक्या पडद्यांच्या चिंध्यांची गोधडी शिवायला बसतात. हा भाग दुसऱ्या दिवशी वाचला तेव्हा मावशी एवढंच म्हणाली की पडद्याचा कपडा वाकळीला चालते, पण आतून मऊ जुनेर टाकाव लागते. मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची. मला ती कारागिराची सूचना वाटली.

मॅडमनी पुस्तक देताना लेखिकेबद्दल थोडं सांगितलं होतं, बाकीचं मी नंतर वाचलं. वॉकर १९४४च्या, जॉर्जियातल्या ईटन्टन गावच्या. आईबाप बटाईनं कापूस पिकवणारे, आठ भावंडांत ही शेंडेफळ. आई गोऱ्यांच्या घरी मोलकरीण. तिनं या लेकीला तीन वस्तू घेऊन दिल्या असं वॉकर यांनी सांगितलं आहे: शिलाई मशीन, सूटकेस आणि टाइपरायटर. हे वाचून मी मावशीला मुद्दाम सांगितलं, बघ, तिच्या आईनं तिला मशीन दिलं. ‘दिलं असन. तिच्यापाशी टाइपरायटर घ्याले पैसे होते,’ मावशी म्हणाली. ‘माह्यापाशी एकाचेच होते.’

कापसाचं नातं तर त्याहून जुनं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५, गुलामांच्या हातचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो भाव कुणाच्या घरी गेला हा प्रश्न वेगळा. वेचणाऱ्या बायकांच्या घरी नक्कीच नाही. आणि १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या तिकडच्या भल्या माणसांना. म्हणजे पुसदची एक शिलाई करणारी बाई जॉर्जियातल्या एका बाईच्या गोष्टीवर रात्री जागते, यात तसं परकं काही नाही. मला मात्र हे सगळं जोडून बघायला पुढं पुष्कळ वर्षं लागली. मावशीनं पहिल्याच आठवड्यात सिलीला ‘आपली सिली’ करून टाकलं होतं.

कादंबरीत सगळ्यात भारी जागा कोणती, तर माझ्या मते वस्तऱ्याची. सिलीची बहीण नेटी आफ्रिकेतून तिला वर्षानुवर्षं पत्रं लिहीत असते आणि मिस्टर ती एकेक करून ट्रंकेत लपवून ठेवतो. बहीण मेली असं सिली धरून चालते. पत्रं सापडतात, आणि त्याच माणसाची दाढी करायला तिच्या हातात वस्तरा असतो. शग अ‍ॅव्हरी, मिस्टरची जुनी मैत्रीण आणि सिलीची जिवाभावाची सखी, तिला आवरते. तिच्या हातात वस्तऱ्याऐवजी सुई देते. पँट शिवायला लावते. त्या पँटींचा पुढं सिलीचा धंदा होतो, ती घर सोडते, आपल्या पायावर उभी राहते. समीक्षकांनी या सुईबद्दल खूप लिहिलं आहे. मावशीनं विचारलं, ‘पँट कितीले इकते?’ आणि मला ते पुस्तकात सापडेना याचा तिला खरोखर राग आला. ‘एवढं लिहलं अन् भाव नाही लिहला?’

याच पत्रांच्या पेटीवरून मला फलटणच्या बेबीताई कांबळे आठवतात. त्यांचं ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन १९८६ साली पुस्तकरूपानं आलं. त्याआधी ‘स्त्री’ मासिकात क्रमशः. किराण्याचं लहानसं दुकान होतं त्यांचं. मालासोबत रद्दी यायची, ती वाचता वाचता त्यांचं वाचन वाढलं, आणि गल्ल्यावर बसून त्या लिहायला लागल्या. लिहिलेल्या वह्या मात्र नवऱ्याच्या नजरेस पडू नयेत म्हणून जुन्या कागदांखाली, कुणी हात घालणार नाही अशा जागी. वर्षानुवर्षं. फलटणला राहून काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी त्या वह्या बाहेर काढायला लावल्या. जॉर्जियात नवरा बायकोच्या नावची पत्रं लपवतो, फलटणात बायको नवऱ्यापासून स्वतःचं लिहिणं लपवते. कादंबरीत निदान पेटीची किल्ली सापडते.

आणि त्या पुस्तकात महारवाड्यातल्या सुनांचे काय हाल होत ते बेबीताईंनी जराही हात न आखडता लिहिलं आहे. पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा अडकवणं, संशयावरून तिचं नाक कापणं, सासवांचं कान भरणं, सगळं. फक्त स्वतःच्या घरातली मारहाण त्यात नाही. इंग्रजी अनुवाद २००८ला आला, त्याला जोडलेल्या, अनुवादिका माया पंडित यांच्याशी झालेल्या मुलाखतीत त्या नवऱ्याच्या संशयाबद्दल आणि माराबद्दल बोलल्या. पुस्तकात का नाही, तर सगळ्याच बायांच्या वाट्याला ते होतं, त्यात आपलं एकटीचं काय सांगायचं, अशा अर्थाचं त्यांचं उत्तर.

ही मुलाखत मी मावशीला वाचून दाखवली. तोवर ती थकली होती, पिकोचं काम बंद करून फक्त फॉल लावायची, हातानं. ती म्हणाली, ‘सगळ्याइचं होतं, म्हणून तं कोणीच नाही सांगतलं.’ थोड्या वेळानं, दोऱ्याला गाठ मारता मारता, ‘माहा कान जावेमुळं गेला. तिनं सांगतलं त्याले, लय तोंड चालते इचं, मार म्हणून. तिच्या पाठीवर तं माह्याहून जास्त वळ होते.’ आणि मग, ‘ते सिली म्हणते का नाही त्या पोट्ट्याले? ते खरं हाय. ते लिहणाऱ्या बाईले मानलं.’

म्हणजे त्या रात्री राग आला नव्हता. मी एम.ए. केलं, बी.एड. केलं, त्या प्रसंगावर निबंध लिहिला, त्याला बरे गुणही मिळाले. सिलीच्या तोंडून अत्याचारी व्यवस्थाच बोलते असं काहीतरी त्यात होतं. चुकीचं नाही ते. पण मावशी त्या वाक्यापाशी व्यवस्था बघत नव्हती, जावेची पाठ बघत होती. आणि जिच्यामुळं कान गेला तिचे वळ तिनं मोजून ध्यानात ठेवले होते.

वस्तीतल्या एका कार्यक्रमात मी या दोन पुस्तकांबद्दल एकत्र बोलायचं ठरवलं, तेव्हा नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं की आधीच लोक आपल्याला नावं ठेवायला टपलेले, त्यांच्या हाती आपणच कोलीत का द्यायचं. हे त्यांचंच म्हणणं आहे असं नाही. स्पीलबर्गचा या कादंबरीवरचा सिनेमा १९८५ला आला, तेव्हा अमेरिकेतही कृष्णवर्णीय पुरुषांना राक्षस करून दाखवलं म्हणून निदर्शनं झाली. त्या सिनेमाला ऑस्करची अकरा नामांकनं आणि एकही बक्षीस नाही, ही गंमत वेगळीच. वडीलधाऱ्यांचा मुद्दा सगळा टाकाऊ नाही. मारणारा फक्त आपल्याच वस्तीत राहतो असं समजणारे वाचक असतातच, आणि मावशीकडून ब्लाउज शिवून नेणाऱ्या सगळ्या जातीच्या बायकांचे दंड तिनं मापताना पाहिलेले होते. ती मला म्हणाली, ‘तू बोल. माहं नाव नको घेऊ, बाकी सगळं बोल.’ मी बोलले. नाव इथंही घेत नाही.

२०१९च्या जानेवारीत यवतमाळला साहित्य संमेलन झालं. उद्‌घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागं घेतल्यावरून जो गदारोळ उठला तो सगळ्यांना आठवत असेल. शेवटी उद्‌घाटन केलं राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केलेली, ‘तेरवं’ नाटकात काम करणारी बाई. अरुणाताई ढेरे अध्यक्ष. मावशीनं ते टीव्हीवर पाहिलं, आवाज मोठा करून, उजवा कान पुढं करून. एरवी भाषण लागलं की ती टीव्ही बंद करायला सांगायची. त्या दिवशी नाही सांगितलं.

मावसा तिच्याकडं एकदा आले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुतण्यानं पुसदला आणलं, आणि कुणीतरी घराचा पत्ता दिला. मी तेव्हा घरी नव्हते, शेजारणींकडून कळलं. डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेला म्हातारा खोलीच्या दारात बराच वेळ उभा होता. मावशीनं त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. त्यांच्या हातात पिशवी, पिशवीत पायजम्याचं कापड. कमरेचं माप घेतलं, उंची घेतली, दोन दिवसांनी या म्हणून सांगितलं. दोन दिवसांनी पुतण्या येऊन पायजमा घेऊन गेला. तिनं शिलाई पूर्ण घेतली, पाच रुपयेही कमी केले नाहीत. काय बोलले ग ते, असं मी विचारलं. ‘माप देतानी काय बोलते माणूस? सैल ठेव म्हणे.’

मला हे ऐकून कादंबरीचा शेवट आठवला. शेवटी मिस्टर, म्हणजे आल्बर्ट, बदलतो. ओसरीत सिलीशेजारी बसून तिला शिलाईत मदत करतो, हातात सुई धरतो. परत लग्न करू म्हणतो, सिली नको म्हणते, मैत्री राहू दे म्हणते. पुरुषानं सुई हाती घेणं हीच त्याच्या बदलण्याची खूण, असं वर्गात शिकवतात, मीही शिकवत असे. मावशीला म्हणाले, बघ, तुझ्याकडंही आला की नाही आल्बर्ट.

‘तो काय शिवाले आला होता?’ ती म्हणाली. ‘अन् माणूस सुई घेते याचं तुमच्या पुस्तकात एवढं काय हाय? बसस्टँडपासून इथंलोक पाय, सगळे टेलर माणसंच हायेत. दिवसभर मशीनवर बसतेत अन् घरी जाऊन बायकोले मारतेत. तिनं त्याले घरात नाही घेतलं, ते बराबर केलं. सुईचं काय घेऊन बसली!’

हा मुद्दा मला आजवर कुठल्याही समीक्षेत सापडलेला नाही. वर्गात शेवटचा भाग आला की मी हा मुद्दा सांगते, आणि ज्यांचे वडील टेलर आहेत अशी पोरं असतील तर ती खाली बघून हसतात.